बिनओव्हनच्या घरातले बेकिंग

हौशी बेकिंग स्पर्धांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांविषयी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे जमली आहेत. बहुतेकांचा रोख ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या एकाच कार्यक्रमाकडे आहे. नेटफ्लिक्सवर तो ‘द ग्रेट ब्रिटिश बेकिंग शो’ या नावाने दिसतो, कारण ‘बेक ऑफ’ या शब्दांवर अमेरिकेत पिल्सबरी कंपनीचा हक्क आहे; त्या कंपनीची स्वतःची बेकिंग स्पर्धा 1949 पासूनची आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काही येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. सूनबाईंनी एकदा लावून दिल्यापासून मी आणि सौ. रोज रात्री जेवणानंतर हा कार्यक्रम पाहतो. आमच्या घरी ओव्हन नाही, सौ.ना मधुमेह असल्याने केक घरात येत नाही, आणि तेथे करतात त्यांपैकी निम्म्या पदार्थांची नावेही आम्हाला धड उच्चारता येत नाहीत. तरीही एक भाग संपला की दुसरा लावावासा वाटतो. मालिका आणि चर्चा मात्र दहा मिनिटांत नकोशा होतात. हा वयाचा परिणाम आहे असे चिरंजीवांचे मत आहे. आपल्याला काय वाटते?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : वयाचा संबंध नसावा. याच गठ्ठ्यात अकरावीच्या एका विद्यार्थिनीचेही पत्र आहे आणि तिचा उत्साह आपल्यापेक्षा कमी नाही.

या कार्यक्रमाचा पहिला भाग 17 ऑगस्ट 2010 रोजी बीबीसी टूवर दाखवला गेला. पहिला हंगाम अवघ्या सहा भागांचा होता आणि त्याची कल्पना ब्रिटनमधील खेडेगावांच्या जत्रांवरून घेतलेली होती. त्या जत्रांत हिरवळीवर तंबू ठोकतात, टेबलांवर गावातल्या बायकांनी केलेले केक आणि मुरंबे मांडतात आणि कोणीतरी गंभीर चेहऱ्याने ते चाखून क्रमांक लावते. पुढे कार्यक्रमाचा जो साचा पक्का झाला, त्यात साधारण बारा हौशी स्पर्धक असतात, दहा आठवडे चालणाऱ्या स्पर्धेत बहुधा दर आठवड्याला एक जण बाद होतो, आणि चित्रीकरण शनिवार-रविवारी, तशाच एका तंबूत होते. सोमवारी हे लोक आपापल्या नोकरीवर, मुलाबाळांत परत जातात आणि पुढच्या आठवड्याचा पदार्थ स्वतःच्या स्वयंपाकघरात करून पाहतात. तंबूत तीन फेऱ्या होतात. पहिलीत घरी सराव केलेला पदार्थ असतो. दुसरीत सर्वांना एकच अनोळखी पाककृती मिळते, तीही अर्धवट लिहिलेली. तिसरीत भव्य, नजरेत भरणारे काहीतरी करावे लागते. दहा आठवड्यांनी जो जिंकतो त्याला नाव कोरलेला काचेचा केक-स्टँड आणि फुलांचा गुच्छ मिळतो. रोख रक्कम काहीच नाही.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या बक्षिसातच आहे. आपल्या मालिकांत दर प्रसंगी इस्टेट, लग्न किंवा कोणाचा तरी जीव पणाला लागलेला असतो, आणि इतके सगळे पणाला लागूनही चारशे भागांत काही निकाली निघत नाही. तंबूत पणाला लागलेला असतो तो एक स्पंज केक. तो फुगेल की बसेल एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तासाभरात, आपल्या डोळ्यांदेखत मिळते. गोष्ट इतकी लहान असूनही ती करणारा माणूस मात्र तिच्यात पूर्ण बुडालेला असतो. ओव्हनच्या काचेसमोर जमिनीवर मांडी घालून आपल्या केककडे टक लावून बसलेला मोठा माणूस पाहताना हसू येते आणि त्याच वेळी त्याचा केक फुगावा असेही वाटते. कोणाच्या दुःखाचा भार मनावर न घेता कोणासाठी तरी जीव टांगणीला लागण्याची ही सोय दूरचित्रवाणीवर फारशी उरलेली नाही.

दुसरे कारण स्पर्धकांच्या वेगळ्या आयुष्यात आहे, आणि ते सांगलीकराला समजावून सांगावे लागू नये. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी येथे पहिले मराठी नाटक केले, तेव्हापासून हे गाव नाटकवेडे आहे. दिवसभर बँकेत, शाळेत किंवा जिल्हा परिषदेत काम करून संध्याकाळी तालमीला जाणारी माणसे राज्य नाट्य स्पर्धेत भावे नाट्यमंदिराच्या रंगमंचावर उभी राहतात, तेव्हा प्रेक्षक त्यांचे नाटक पाहतातच, पण त्या नाटकामागची रजा, घरच्यांची कुरकुर आणि पदरचा खर्चही त्यांना ठाऊक असतो. तंबूतील सुतार, परिचारिका किंवा विद्यार्थी पाहताना आपली नजर तीच असते. बाद झालेल्या स्पर्धकाचे काही उद्ध्वस्त होत नाही. सोमवारी त्याची नोकरी त्याची वाट पाहत असते. म्हणून त्याचे हरणे आपल्याला पाहवते.

प्रश्न : पडद्यावर ना वास येतो, ना चव कळते. गाण्याच्या स्पर्धेत निदान गाणे आपल्याला ऐकू येते. मग परीक्षकांनी ‘छान’ म्हटले की छान मानायचे, यात प्रेक्षकाची स्वतःची बुद्धी कोठे राहते?
— अकरावीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला, कारण कार्यक्रमाची खरी करामत येथेच आहे.

बेकिंगमधील बहुतेक चुका डोळ्यांना दिसतात. आमटीत मीठ जास्त पडले तर ते पडद्यावर कळणार नाही. पण पाव पुरेसा फुगू न देता भट्टीत घातला तर कापल्यावर आतली जाळी दडस दिसते, आणि जास्त वेळ फुगत ठेवला तर तो भट्टीतच खाली बसतो. पेस्ट्रीचा तळ कच्चा राहिला की तुकडा उचलताना वाकतो. थरांच्या पिठातले लोणी उष्णतेने वितळले तर थर एकमेकांत मिसळतात आणि पापुद्रे सुटत नाहीत. आपल्या बेकरीतली खारी याच तंत्राने होते. तिच्यात लोण्याऐवजी बहुतेक ठिकाणी वनस्पती तूप किंवा मार्गारीन वापरतात, कारण ते उकाड्यात लवकर वितळत नाही. तंबूला वातानुकूलनाची सवय नाही, त्यामुळे इंग्लंडमधला एखादा उन्हाळी दिवसही चॉकलेट आणि आइस्क्रीमवाल्यांच्या मुळावर येतो.

म्हणूनच परीक्षक पदार्थ चाखण्याआधी तो कापतात, आणि कॅमेरा सुरीबरोबर आत जातो. दोन-तीन भाग पाहिल्यावर आपणही कापलेल्या बाजूकडे पाहून परीक्षकांच्या आधी निकाल देऊ लागतो आणि तो बऱ्याचदा बरोबर निघतो. दुसऱ्या फेरीत तर परीक्षकांनाही कोणता पदार्थ कोणाचा हे माहीत नसते, आणि प्रेक्षकाला मात्र ते माहीत असते. परीक्षकापेक्षा जास्त माहिती हाती असण्याचे सुख परीक्षा देणाऱ्या वयात विशेष जाणवत असावे. चवीपुरता मात्र विश्वास ठेवावा लागतो, हे मान्य आहे. ‘लिंबू कमी पडले’ या वाक्यापुढे आपला इलाज नाही.

प्रश्न : मी घरगुती केकच्या ऑर्डरी घेते. माझ्या जाऊबाई म्हणतात की हे सगळे ठरवून केलेले असते, एवढी गोड माणसे स्पर्धेत असूच शकत नाहीत. मला तसे वाटत नाही, पण त्यांना काय उत्तर द्यावे हेही सुचत नाही.
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : आपल्या जाऊबाईंचे अर्धे म्हणणे खरे आहे, आणि ते मान्य करूनच पुढे बोलता येईल.

दोन पूर्ण दिवसांचे चित्रण कापून तासाभराचा भाग केला जातो. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे कोणीतरी ठरवतेच, आणि त्या ठरवण्यातून माणसे गोड किंवा कडू दिसतात. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण 2014 चे आहे. बेक्ड अलास्का हा आइस्क्रीमभोवती मेरिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक साखरेबरोबर फेटून केलेला फेस, लावून भाजायचा पदार्थ त्या दिवशी करायचा होता आणि हवा गरम होती. एका स्पर्धकाचे आइस्क्रीम दुसऱ्या एका ज्येष्ठ स्पर्धक बाईंनी फ्रीझरमधून बाहेर काढलेले दिसले, ते वितळले, आणि संतापाच्या भरात त्याने सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकून तो डबाच परीक्षकांपुढे नेऊन ठेवला. तो बाद झाला. नंतर त्या बाईंवर समाजमाध्यमांतून टीकेचा इतका भडिमार झाला आणि बीबीसीकडे इतक्या तक्रारी गेल्या की निवेदिका सू पर्किन्स यांना पुढे येऊन सांगावे लागले की आइस्क्रीम मिनिटभरही बाहेर नव्हते. पडद्यावर ते तसे वाटले नव्हते. एका वितळलेल्या आइस्क्रीमवरून वृत्तपत्रांचे मथळे झाले, यावरून प्रेक्षक किती गुंतलेले होते ते दिसते. पण त्याचबरोबर संकलकाच्या कात्रीत किती ताकद असते तेही दिसते.

आता उरलेल्या अर्ध्याविषयी. हा कार्यक्रम सौम्य आहे तो कोणीतरी तो सौम्य ठेवण्याचा आग्रह धरला म्हणून. सुरुवातीच्या निवेदिका मेल गेड्रॉइच आणि सू पर्किन्स यांनी पुढे सांगितले आहे की पहिल्या हंगामाच्या वेळी स्पर्धकांच्या तोंडासमोर कॅमेरे रोखून त्यांचे रडणे टिपण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा आपण दोघींनी काम थांबवले होते. त्यांची आणखी एक युक्ती प्रसिद्ध आहे. कोणी रडू लागले की त्या शेजारी जाऊन उभ्या राहत, त्याच्यावर आपला कोट पांघरत किंवा मुद्दाम शिव्या देत, म्हणजे ते चित्रण प्रक्षेपणाच्या कामाचेच राहू नये. कार्यक्रमाला रडणे विकायचे होते आणि निवेदिकांनी ते विकू दिले नाही, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडील गाण्याच्या कार्यक्रमांत स्पर्धकाच्या आईला गावाहून आणून व्हायोलिन वाजवतात, त्याची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

स्पर्धकांची निवडही विचारपूर्वक होते. तिरसट माणसाला तंबूत जागा मिळणे अवघड असावे. पण निवडलेली माणसेही दोन दिवस उभी राहून, घड्याळाकडे पाहत, मागे कॅमेरे घेऊन काम करतात तेव्हा त्यांचा मूळ स्वभाव झाकला जात नाही. वेळ संपत आली आणि शेजाऱ्याचा केक कलंडू लागला की आपले काम आटोपलेले स्पर्धक हात द्यायला धावतात, हे इतक्या वेळा दिसते की प्रत्येक वेळी दिग्दर्शकाने सांगितले असेल असे वाटत नाही. 2013 मध्ये एका बाईंनी गडबडीत शेजाऱ्याचे कस्टर्ड स्वतःच्या ट्रायफलमध्ये, म्हणजे केक, फळे आणि कस्टर्ड यांच्या थरांच्या गोड पदार्थात, घातले. लक्षात आल्यावर त्यांचा चेहरा शरमेने उतरला, आणि ज्याचे कस्टर्ड गेले तो गृहस्थच अवघडून गेला. ते ठरवून करायला दोघेही मुरलेले नट असावे लागतील.

एक गंमत जाऊबाईंना अवश्य सांगा. चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांत काही महिने जातात आणि तोवर निकाल गुप्त ठेवायचा असतो. 2017 मध्ये अंतिम भाग दाखवला जाण्याच्या काही तास आधी परीक्षक प्रू लीथ यांनीच विजेतीचे अभिनंदन ट्विटरवर करून टाकले. त्या भूतानमध्ये होत्या आणि घड्याळाच्या फरकाने त्यांचा घोटाळा झाला होता. सगळे ठरवून करणाऱ्यांच्या हातून असे होत नाही.

प्रश्न : या स्पर्धेत आपल्याकडची माणसे असतात का? असल्यास त्यांना आपले पदार्थ करू देतात का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : असतात, आणि जिंकतातही. 2015 ची विजेती नादिया हुसेन ही लुटनमध्ये जन्मलेली, बांगलादेशी आईवडिलांची मुलगी. तीन मुलांची आई, डोक्याला हिजाब, आणि मनात येईल ते सगळे चेहऱ्यावर उमटणारी. तिच्या अंतिम फेरीचा भाग ब्रिटनमध्ये एक कोटी तीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. त्या फेरीत तिने लग्नाचा केक केला; तिच्या स्वतःच्या लग्नात असा केक नव्हता. केक लिंबाचा, पक्का इंग्रजी, आणि त्याच्या मांडणीला ब्रिटिश झेंड्याच्या तीन रंगांतील साडीचे कापड व तिचे स्वतःचे लग्नातले दागिने. पुढच्या वर्षी राणी एलिझाबेथ यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक तिनेच केला.

2018 चा विजेता राहुल मंडल तर थेट आपल्या देशातला, पश्चिम बंगालमधला. पीएच.डी.साठी ब्रिटनला गेलेला हा तरुण अणुऊर्जेशी संबंधित यंत्रनिर्मितीच्या संशोधन केंद्रात काम करत होता आणि बेकिंग तो तिकडे गेल्यावरच शिकला. लाजाळू, सतत माफी मागणारा, स्वतःच्या कामावर कधीच खूश नसलेला असा हा गडी आहे. अंतिम फेरीत उष्णतेने त्याच्या टेबलावरची काचेची बरणी फुटली, तुकडे सगळीकडे पसरले आणि त्याला पंधरा मिनिटे वाढवून द्यावी लागली. 2014 मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेली चेतना माकन ही मूळची जबलपूरची. वेलची, केशर, आंबा, पिस्ता हे सगळे या मंडळींनी तंबूत नेले आहे आणि परीक्षकांनी ते आवडीने खाल्ले आहे.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. स्पर्धक स्वतःच्या घरची चव घेऊन येतो तेव्हा कार्यक्रम उजळतो. कार्यक्रमच परक्या देशाचा आठवडा साजरा करायला जातो तेव्हा तो उथळ होतो. 2022 च्या मेक्सिकन आठवड्यात निवेदकांनी सोम्ब्रेरो टोप्या आणि पोंचो घालून केलेले विनोद आणि टाको करण्याची फेरी यांवर इतकी टीका झाली की पुढच्या वर्षीपासून असे देशवार आठवडे बंद करण्यात आले. ते योग्यच झाले. उद्या त्यांनी भारतीय आठवडा केला असता आणि कोणी फेटा बांधून पुरणपोळीला ‘स्टफ्ड फ्लॅटब्रेड’ म्हटले असते, तर याच सदरात मला वेगळ्या सुराची पत्रे आली असती.

प्रश्न : ‘मास्टरशेफ इंडिया’ आणि ‘नेल्ड इट’ हे कार्यक्रम याच जातीचे मानावेत का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ‘मास्टरशेफ इंडिया’ 2010 मध्येच सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या विजेत्या पंकज भदौरिया लखनौच्या शिक्षिका होत्या, स्पर्धेसाठी त्यांनी नोकरी सोडली होती. फरक याच एका गोष्टीत दिसतो. तेथे आयुष्य बदलण्याचे आश्वासन असते, म्हणून संगीतही मोठे असते आणि अश्रूही. बेक ऑफच्या विजेत्यांना पुढे पुस्तके आणि कार्यक्रम मिळतात हे खरे, पण त्याची भाषा तंबूत कोणी करत नाही. 2018 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला ‘नेल्ड इट’ वेगळाच आहे. बेकिंग न येणाऱ्या लोकांना व्यावसायिकांनी केलेल्या केकची नक्कल करायला लावतात, ती फसते आणि सगळे हसतात, ज्याची फसली तोही हसतो. जिंकणाऱ्याला दहा हजार डॉलर मिळतात. एखादा भाग पोट धरून हसवतो. ओळीने तीन पाहिले की मला तरी पुरे होते, कारण त्यात कोणी काही शिकताना दिसत नाही.

प्रश्न : आमच्या महिला मंडळात बऱ्याच जणी हा कार्यक्रम पाहतात आणि तशीच स्पर्धा आमच्या हॉलमध्ये घ्यावी असे ठरते आहे. वीस-बावीस जणी भाग घेतील. दरवर्षीच्या पाककला स्पर्धेत निकालानंतर रुसवेफुगवे होतात, ते टाळायचे आहेत. काही सूचना कराव्यात.
— मंडळाची एक सभासद, तासगाव

उत्तर : तारीख आधी पाहा. एप्रिल-मे टाळा, लोणी आणि तूप वितळून हातात राहणार नाही. संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ उत्तम, तूप चांगले थिजलेले असते. पुष्कळ जणींना अंडे चालत नाही हे गृहीत धरून स्पर्धा सर्वांसाठीच बिनअंड्याची ठेवा. दही आणि खायचा सोडा यांनी केक चांगला फुगतो आणि मग ‘तिने अंडे घातले म्हणून हलका झाला’ हा पहिला रुसवा निघतच नाही.

हॉलमध्ये ओव्हन मांडण्याचा मोह आवरा. घरगुती ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, साधारण पंधराशे ते दोन हजार वॉटचा असतो, म्हणजे एकटा सात ते नऊ अँपिअर वीज ओढतो. असे चार एकदम लावले तर हॉलची जोडणी बहुधा तग धरणार नाही, आणि ऐन वेळी वीज गेली तर कोणाचा केक कोणामुळे बसला यावर वर्षभर बोलणी होतील. शिवाय दोन ओटीजींची आच कधी सारखी नसते. त्यामुळे पहिली फेरी घरून करून आणलेल्या पदार्थाची ठेवा आणि त्यात तासगावचा बेदाणा सक्तीचा करा. तो प्रत्येकीच्या घरात असतोच, आणि मिश्रण पातळ झाले तर बेदाणा तळाशी जाऊन बसतो, म्हणजे कापल्याबरोबर हिशेब उघड होतो.

दुसरी फेरी हॉलमध्ये घ्या आणि ती नानकटाईची असू द्या. पूर्वी दिवाळीत घरून तूप, साखर, पीठ घेऊन बायका बेकरीत जात आणि भट्टीतून नानकटाईचे पत्रे भाजून आणत. थोरल्या सभासदांना ते आठवत असेल, त्यामुळे हॉलमध्ये गप्पांना तोटा नाही. सर्वांना मैदा, बेसन, पिठीसाखर, तूप, वेलची आणि बेकिंग पावडर मंडळाने मोजून द्यावी. पाककृतीच्या कागदावर मात्र ‘तूप आणि साखर फेसा’, ‘पीठ मिसळा’, ‘भाजा’ एवढेच लिहावे; किती फेसायचे आणि किती वेळ भाजायचे हे लिहू नये. भाजण्यासाठी गॅसवर जाड बुडाची कढई, तळाला मिठाचा थर, वर जाळी आणि घट्ट झाकण, ही जुनी पद्धत सर्वांना सारखी लागू होते. शेगड्या मोजक्या असतील तर पाच-सहा जणींच्या तुकड्या करा. तूप वितळलेले असेल तर नानकटाई पसरते, आणि आच मोठी असेल तर तळ करपून वरचा भाग कच्चा राहतो. हे परीक्षकांना बघताक्षणी कळते आणि प्रेक्षकांनाही, म्हणून निकालावर वाद कमी होतात.

परीक्षक तालुक्याबाहेरचे बोलवा. आपल्या बेकरीतील एखादा जुना कारागीर मिळाला तर फारच चांगले, कारण तो गोड बोलण्यापेक्षा कारण सांगेल. बशांना फक्त क्रमांक द्या आणि कोणत्या क्रमांकाची बशी कोणाची ते परीक्षकांचे बोलून झाल्यावरच जाहीर करा. एक नियम लेखी ठेवा: प्रत्येक बशीबद्दल परीक्षकांनी एक जमलेली गोष्ट आणि एक न जमलेली गोष्ट कारणासह सांगायची. कार्यक्रमात दुसऱ्या फेरीचा क्रम शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत लावतात, ते मात्र करू नका. तंबूतले लोक सोमवारी शेकडो मैलांवर पांगतात. आपल्याला त्याच गल्लीत राहायचे आहे. पहिल्या तीन जणींची नावे पुरेत.

बक्षीस लहान ठेवा. मिक्सर आणि पैठणी आली की स्पर्धेचा नूर बदलतो. आपल्याकडे लग्नामुंजीच्या भांड्यांवर नावे घालून द्यायची रीत होती. काचेच्या त्या केक-स्टँडवरही नावच कोरलेले असते. स्टीलच्या एका चांगल्या ताटावर विजेतीचे नाव, मंडळाचे नाव आणि साल घालून द्या. ते ताट पुढची तीस वर्षे तिच्या स्वयंपाकघरात राहील आणि येणारा-जाणारा त्यावरचे नाव वाचेल.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा आहे, सुट्टीत येणार आहे. त्याच्याबरोबर पाहायचे तर कोणत्या हंगामापासून सुरुवात करावी?
— एक आजी, वाई

उत्तर : प्रत्येक हंगाम नव्या स्पर्धकांसह नव्याने सुरू होतो, त्यामुळे क्रमाची गरज नाही. राहुल मंडलचा 2018 चा हंगाम मिळाला तर तेथून सुरुवात करा. बरणी फुटते तो भाग नातवाला नक्की आवडेल. 2016 पर्यंतच्या हंगामांत परीक्षक म्हणून मेरी बेरी आणि पॉल हॉलीवूड दिसतील. 2017 मध्ये कार्यक्रम बीबीसीकडून चॅनेल फोरकडे गेला, तेव्हा मेरी बेरी आणि दोन्ही निवेदिका त्यातून बाहेर पडल्या आणि पॉल हॉलीवूड तेवढे राहिले. आपल्याला बेरीबाई अधिक आवडतील असा माझा अंदाज आहे. वाईट केकबद्दलही त्या आधी रंगाचे कौतुक करून मग बोलतात. निवेदकांचे काही इंग्रजी विनोद चावट असतात, पण ते आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जातील. याच कार्यक्रमाची ‘ज्युनिअर बेक ऑफ’ नावाची मुलांची आवृत्तीही 2011 पासून निघाली आहे. तिच्यात नऊ ते पंधरा वर्षांची मुले असतात आणि त्यांचे केक पाहून नातू स्वयंपाकघरात घुसण्याची दाट शक्यता आहे, म्हणून मैदा आणि खायचा सोडा आणून ठेवावा.